शेतीला विस्तार, शाळेला शिबिर

राज्यातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम लागू झाला. या रचनेत समाजसंपर्क उपक्रम आणि क्षेत्रीय प्रकल्प यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. आजवर विद्यार्थ्याच्या हौसेवर किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या तळमळीवर सोपविलेले काम त्यामुळे प्रथमच गुणपत्रिकेत आले. दोन श्रेयांकांचे असे काम म्हणजे साधारणपणे साठ तास. एका विद्यार्थ्याचे साठ तास फार नव्हेत. पण एका महाविद्यालयातील काही शे विद्यार्थ्यांचे तास एकत्र केले, तर ती मोठी शक्ती ठरते. ती कोठे आणि कशी खर्ची पडणार, याचा विचार अकोल्यासारख्या तालुक्याने वेळीच करणे आवश्यक आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्याखाली वसलेला हा तालुका. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण यांमुळे पर्यटकांना तो परिचित आहे. अकोले शहराच्या आसपास प्रवरेच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, सहकारी साखर कारखाना आला. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात मात्र महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-पाड्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या जवळपास असून त्यात आदिवासींचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय राजूर येथे आहे. एकाच तालुक्यातील या दोन जगांचे अंतर तेथील शाळांतही उमटलेले दिसते.

शाळा आहे, पुढे काय?

डोंगरी भागात शाळा पोहोचली नाही, असे आज कोणी म्हणू शकणार नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा वाड्यांपर्यंत गेल्या आहेत, शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांचे जाळे आहे, २०१० पासून शिक्षण हक्क कायदाही लागू आहे. प्रश्न आहे तो शाळेच्या आत काय घडते याचा. एक किंवा दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता ही लहान वाडीवरील शाळेची नित्याची स्थिती. घरात बोलली जाणारी ठाकरी वा कोळी बोली आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी यांच्यातील दरी पहिल्या इयत्तेतच मुलाच्या वाट्याला येते. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावच्या किंवा नाशिकच्या बागायती पट्ट्याकडे उतरतात आणि हजेरीपटावरील नाव व वर्गातील मूल यांची ताटातूट होते. अकोल्याचेच शिक्षक-कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी राज्यातील आदिवासी भागांतील शाळांना भेटी देऊन लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'शाळा आहे, शिक्षण नाही' असे आहे. त्या नावातच या प्रश्नाचे सार आले आहे.

त्यात आता कमी पटाच्या शाळांच्या भवितव्याची चिंता जोडली गेली आहे. २०२३ मध्ये समूह शाळांचा विषय पुढे आला, तेव्हा वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळांची राज्यातील संख्या सुमारे पंधरा हजार असल्याचे समोर आले होते. अशा शाळांचा मोठा भाग डोंगराळ तालुक्यांत असणे स्वाभाविक आहे. वाडीवरील शाळा टिकवायची असेल, तर ती चांगली चालते हे दाखवून देण्याची जबाबदारी तेथील एकट्या-दुकट्या शिक्षकावर येते. त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा कळीचा मुद्दा आहे.

सात दिवसांची सेवा

विद्यापीठांनी समाजाकडे पाठ फिरविली, असा आरोप सरसकट करता येणार नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर ही तिची घडी आजही कायम आहे. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने पहिले कुलगुरू डॉ. बाबासाहेब जयकर यांच्या नावाने चालविलेली व्याख्यानमाला ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत गेली. अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग होय, ही भूमिका विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच घेतली होती. २०१४ च्या उन्नत भारत अभियानाने तर प्रत्येक सहभागी संस्थेने किमान पाच गावांशी नाते जोडावे, अशी अपेक्षा व्यक्त केली.

या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शहरातील किंवा बाजारपेठेच्या गावातील तरुणाला वाडीचे जीवन प्रथम दिसते ते बहुधा अशाच शिबिरात. परंतु शाळेच्या दृष्टीने पाहिले, तर या कामाची मर्यादा उघड आहे. शिबिरार्थी येतात, शाळेचे आवार स्वच्छ करतात, भिंती रंगवतात, मुलांचे खेळ घेतात, वह्या-पेन्सिली वाटतात आणि आठव्या दिवशी निघून जातात. पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या गावात असते. तिसरीतील ज्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नव्हती, त्याला ती शिबिरानंतरही येत नाहीत, कारण ते काम सात दिवसांत होणारे नाही. त्यासाठी तेच मूल, तोच शिक्षक आणि तीच शाळा यांच्याकडे वर्षभर परत परत जावे लागते.

मूल्यांकनाच्या पद्धतीने या दोषात भर घातली आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय मूल्यांकनात विस्तारकार्याला स्थान मिळाले ही चांगली गोष्ट. पण तेथे प्रामुख्याने किती कार्यक्रम झाले आणि किती विद्यार्थी सहभागी झाले, याची मोजदाद होते. साहजिकच कार्यक्रमांची संख्या वाढते, छायाचित्रे आणि अहवाल नीट जपले जातात. त्या शाळेतील किती मुले वाचू लागली, हा रकाना मात्र कोणत्याच तक्त्यात नसतो. श्रेयांकांची नवी व्यवस्था याच वाटेने गेली, तर साठ तासांचे प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या हाती पडेल आणि शाळा होती तेथेच राहील.

राहुरीचा धडा

याहून वेगळा नमुना याच जिल्ह्यात, शेतीच्या क्षेत्रात, अर्धशतकाहून अधिक काळ उभा आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एकाच संस्थेने करावीत, ही कल्पना भारतीय कृषी विद्यापीठांनी अमेरिकेच्या अनुभवावरून घेतली. तेथे १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या आधारावर कृषी व तंत्रशिक्षणाची महाविद्यालये उभी राहिली आणि १९१४ च्या कायद्याने त्यांच्या विस्तारसेवेला स्वतंत्र निधी व मनुष्यबळ मिळाले. आपल्याकडेही कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षणासाठी वेगळा संचालक असतो. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झाले. नगर जिल्ह्यात बाभळेश्वरचे केंद्र शेतकऱ्यांना परिचित आहे. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थी 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून गावात काम करतात.

या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. पण तिचे तत्त्व महत्त्वाचे आहे. शेतकऱ्याच्या बांधावर जाणे हे तेथे कोणाचे तरी नेमून दिलेले काम आहे. त्यासाठी पद आहे, पगार आहे, जागा आहे. पिकावर रोग पडला, तर कोणाला विचारायचे हे शेतकऱ्याला ठाऊक असते. अपूर्णांक शिकवताना मुले अडली, किंवा ठाकरी बोलणाऱ्या मुलांना वाचनाकडे कसे न्यावे हा प्रश्न पडला, तर वाडीवरील शिक्षकाने कोणाला विचारावे? उसाच्या वाणासाठी जी सोय समाजाने उभी केली, ती मुलाच्या वाचनासाठी करता आली नाही.

याचे मूळ प्रशासनाच्या भिंतींत आहे. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाच्या अखत्यारीत. शिक्षक-प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था शेजारच्या संगमनेरात आहे. परंतु तिचे नाते शालेय शिक्षण विभागाशी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पुणे, नगर आणि नाशिक असे तीन जिल्ह्यांचे. अकोल्यापासून नगर येथील त्याचे उपकेंद्रही शंभर किलोमीटरहून अधिक दूर. एकाच गावातील महाविद्यालय आणि प्राथमिक शाळा यांना जोडणारा धागा कागदोपत्री कोठेच नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ मध्येच हे तुटलेपण दाखवून दिले होते. शिक्षक-प्रशिक्षण संस्थांनी शाळांसाठी विस्तारसेवा चालवावी आणि परिसरातील शाळांचे संकुल करून त्यांनी परस्परांना आधार द्यावा, असे आयोगाने सुचविले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांच्यामागे गारगोटीच्या मौनी विद्यापीठातील ग्रामीण शिक्षणाचा अनुभव होता. शिफारशी मान्य झाल्या. भिंती तशाच राहिल्या.

जेथे हे घडले

भिंती ओलांडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे मात्र नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या सुरुवातीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. केंद्राचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून पुढे आलेला एक मुद्दा अकोल्याला थेट लागू पडतो. विज्ञान कठीण वाटते ते पुष्कळदा त्याच्या आशयामुळे नव्हे, तर ज्या भाषेत ते सांगितले जाते तिच्यामुळे. भाषा सोपी केली की वंचित घरांतील मुलेही तोच आशय आत्मसात करतात.

त्याहून मोठा प्रयोग शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगाधारित विज्ञान शिक्षणास आरंभ केला. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांनी त्यात भाग घेतला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी पाठबळ दिले. प्राध्यापक तेथे व्याख्याने देऊन परतले नाहीत. शिक्षकांबरोबर बसून त्यांनी पाठ रचले, प्रयोग करून पाहिले, फसलेले पाठ पुन्हा लिहिले. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे चालविला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. विद्यापीठ आणि शाळा यांची गाठ पडली तर काय साधते, हे या तीस वर्षांनी दाखविले. आणि शासनाची दीर्घ मुदतीची बांधिलकी नसेल तर साधलेलेही एका आदेशाने संपते, हेही त्याच अनुभवाने शिकविले.

पुण्यात आज अशा कामासाठी अनुकूल संस्था कमी नाहीत. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये उभ्या राहिलेल्या आयुकाने २००४ मध्ये मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू केली. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडविण्याचे अरविंद गुप्ता यांचे काम तेथूनच देशभर गेले. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे पुणे केंद्रही शिक्षक-प्रशिक्षणाचे उपक्रम राबविते. परंतु पुण्यात झालेले प्रशिक्षण आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरील वाडीतला वर्ग यांच्यामध्ये एक दुवा लागतो. प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाने नवी पद्धत वापरून पाहिली आणि तो अडला, तर त्याला भेटायला कोणी आले पाहिजे. हे 'कोणी' पुण्याहून दरवेळी येणे शक्य नाही.

विद्यापीठ तालुक्यातच आहे

खरे पाहता विद्यापीठ अकोल्यात आधीपासून आहे; संलग्न महाविद्यालयांच्या रूपाने. अकोल्यात अगस्ती महाविद्यालय आहे, राजूरला सत्यनिकेतन संस्थेचे अॅड. एम. एन. देशमुख महाविद्यालय आहे. त्यांच्या वर्गांत आश्रमशाळांतून शिकून आलेली, ठाकरी किंवा कोळी बोली सहज बोलणारी मुले-मुली बसतात. पुण्यातील कोणत्याही तज्ज्ञाजवळ नसलेली एक गोष्ट त्यांच्याजवळ आहे. पहिलीतले मूल जे बोलते ते त्यांना कळते आणि ते जेथे अडखळते तेथे आपणही अडखळलो होतो, हे त्यांना आठवते. समाजसंपर्काचे साठ तास या विद्यार्थ्यांनी आपल्याच परिसरातील एखाद्या शाळेत, आठवड्याला ठरावीक दोन-तीन तास याप्रमाणे दिले, तर बोलीतून प्रमाण मराठीकडे नेणाऱ्या गोष्टी, शब्दसंग्रह आणि वाचनपाठ तयार होऊ शकतात. आश्रमशाळांतील सायंकाळचा वेळ अशा अभ्यासासाठी विशेष सोयीचा आहे.

विज्ञानासाठी तर तालुक्याचा भूगोल हीच प्रयोगशाळा. घाटघर-रतनवाडीच्या कड्यावर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे अकोल्यापर्यंत येताना तो झपाट्याने कमी होतो. या वाटेवरील शाळांनी साधी पर्जन्यमापके लावून रोज नोंदी ठेवल्या आणि महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने त्या एकत्र केल्या, तर मुलांना सरासरी, आलेख आणि पर्जन्यछाया या कल्पना पुस्तकाबाहेर भेटतील. महाविद्यालयाला संशोधनासाठी खरी माहिती मिळेल. प्रवरा, मुळा आणि आढळा या तीन नद्यांची खोरी, ज्वालामुखीच्या लाव्हाने घडलेले हरिश्चंद्रगडाचे कडे, घाटघरचा जलविद्युत प्रकल्प यांतून असे किती तरी पाठ निघतील.

कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण येथे विसरून चालणार नाही. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी महिलेने बायफ संस्थेच्या साह्याने स्थानिक वाणांची बीज बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान विद्यापीठाकडून गावाकडे वाहते, ही समजूत त्यांच्या कामाने खोटी ठरविली. परसातील वालाचे किंवा भाताचे वाण ओळखणारी आजी आणि वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक शाळेच्या एकाच वर्गात मुलांसमोर आले, तर विस्तारकार्याला दोन्ही दिशा मिळतील. आपल्या घरात ज्ञान आहे, हे वाडीवरच्या मुलाला शाळेत कळणे हे लहान यश नव्हे.

धोके आणि अटी

या मार्गात धोकेही आहेत. पहिला धोका असा, की रिकाम्या शिक्षकपदांवर फुकटचे मनुष्यबळ म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडे पाहिले जाईल. तसे झाल्यास तो आदिवासी मुलांवर अन्यायच ठरेल. विद्यार्थी हा शिक्षकाचा साह्यकारी आहे, त्याला पर्याय नाही, हे लेखी करारात नमूद असले पाहिजे. दुसरा धोका शिक्षकांवरील भाराचा. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे आणि वरून येणारे उपक्रम यांनी शिक्षक आधीच थकले आहेत. महाविद्यालयाचा कार्यक्रम हा आणखी एक उपक्रम झाला, तर तो नोंदवहीतच राहील. तिसरी अडचण महाविद्यालयांची स्वतःची आहे. अनेक ठिकाणी अध्यापनाचा गाडा तासिका तत्त्वावरील प्राध्यापक ओढतात. ज्यांना आपल्या पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्यांच्याकडून शाळेशी तीन वर्षांचे नाते जोडण्याची अपेक्षा कशी करावी?

म्हणून काही अटी आरंभीच ठरविणे इष्ट. विद्यापीठ, जिल्हा परिषद आणि राजूर प्रकल्प कार्यालय यांच्यात किमान तीन वर्षांचा करार व्हावा. शाळांची संख्या थोडी असावी; पण त्याच शाळा तीन वर्षे राहाव्यात. कशाची मदत हवी, हे शाळेतील शिक्षकाने ठरवावे. महाविद्यालयात या कामाचा समन्वयक पूर्णवेळ नेमलेला असावा आणि त्याच्या कार्यभारात हे तास अध्यापनाप्रमाणेच धरले जावेत. बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाल्यापासून छात्राध्यापकांना वीस आठवडे शाळेत घालवावे लागतात. त्यांतील काही काळ डोंगरी भागातील शाळांना देता येईल. संगमनेरच्या प्रशिक्षण संस्थेने या साऱ्यांना शैक्षणिक दिशा द्यावी. वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस मुलांचे वाचन व गणित साध्या पद्धतीने तपासावे आणि ते निष्कर्ष पालकांसमोर, ग्रामसभेत मांडले जावेत. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला १९९६ च्या कायद्याने विशेष स्थान दिले आहे. आपल्या शाळेबद्दल विचारण्याचा तिचा अधिकार या निमित्ताने प्रत्यक्षात येईल.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. एका समन्वयकाचे वेतन, विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च आणि थोडे साहित्य एवढ्यात एका तालुक्याचे काम सुरू होऊ शकते. गरज आहे ती तीन खात्यांनी एकत्र बसण्याची आणि विद्यापीठाने आपल्या यशाची मोजणी बदलण्याची. नव्या धोरणाने विद्यार्थ्यांचे तास उपलब्ध करून दिले आहेत आणि या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकड्या पुढे सरकत आहेत. कामाची पद्धत या प्रारंभीच्या वर्षांतच रुळते. एकदा अहवाल आणि छायाचित्रांची सवय जडली, की ती मोडणे कठीण. दुसरीकडे, आज पहिलीत आलेले मूल चार वर्षांत प्राथमिक शाळेचा मोठा टप्पा ओलांडून गेलेले असेल. खात्यांच्या बैठका कितीही लांबल्या, तरी त्या मुलाचे वय थांबणार नाही.